धूळ मोजण्याच्या यंत्राची पूजा

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार

झेंडू यंदा फारच भाव खातोय. दादरच्या फुलबाजारात सकाळी गेलो तर एकेक फूलवाला असा बसलेला, की जणू आपण त्याच्याकडे मुलीसाठी स्थळ विचारायला आलोय. मीनाक्षी असती तर तिने दोन पावलं पुढे जाऊन परत यायचं नाटक केलं असतं आणि भाव पाडला असता. मला ते नाटक येत नाही. सांगेल ते देऊन पिशवी भरून आणली.

गेल्या दसऱ्याला तिला जाऊन सहाच महिने झाले होते, म्हणून घरात सण नव्हता. यंदा तोरणापासून पूजेपर्यंत सगळं मीच करणार असं इरावतीला सांगून ठेवलं आहे. ती म्हणाली, "अप्पा, झेपेल तेवढंच करा." याचा अर्थ झेपणार नाही असा तिचा अंदाज आहे. पोरगी चौतीस वर्षांची झाली, पण बापाला ओळखायला अजून शिकली नाही.

संध्याकाळी ती ऑफिसातून एक काळी पेटी घेऊन आली. परवा सकाळी इथूनच थेट कॉटन ग्रीनच्या सिमेंट कारखान्यात जायचं आहे म्हणे, म्हणून यंत्र घरी आणलं. "महागाचं आहे अप्पा, उलटंसुलटं करू नका," असं बजावून पेटी माझ्याच टेबलाखाली ठेवली. मी विमा कंपनीत आयुष्यभर लोकांच्या मौल्यवान वस्तूंची किंमत ठरवली. मला हे सांगायची गरज नव्हती.

२ ऑक्टोबर, दसरा

पूजा झाली आणि चांगली झाली. हे मी लिहून ठेवतो, कारण सांगायला दुसरं कोणी नाही.

पहाटेच उठलो. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली. ती थोडी जाड झाली, पण ओळखू येत होती. मग मीनाक्षीचा करंडा काढला. तिच्यानंतर तो मी उघडला नव्हता. कुंकू खाली घट्ट बसलं होतं, ते काडीने मोकळं केलं. वास तसाच होता. 

तिचा नियम असा, की ज्याच्यावर घर चालतं त्याला वर्षातून एकदा तरी हळदकुंकू लागलंच पाहिजे. ती शिवणयंत्रापासून किसणीपर्यंत कोणालाही सोडायची नाही. एकदा तर तिने गॅसच्या रेग्युलेटरला फूल वाहिलं होतं. मीही क्रमाने गेलो. शिवणयंत्र, सुरी, विळी, माझं पेन, इरावतीचा लॅपटॉप, खाली जाऊन तिची स्कूटर. मग ती पेटी आठवली. आजच्या घडीला घर चालतं ते तर त्या यंत्रावर. बंद पेटीला कुंकू लावणं म्हणजे दारावरून हाक मारून परत जाण्यासारखं, म्हणून पेटी उघडली. उलटंसुलटं काही केलं नाही. आत काळी नळी आणि एका टोकाला गोल काच. बाकी सगळं इतकं काळं, की कुंकू उठून दिसेल अशी जागा ती एकच. कपाळासारखी. तिथे हळद लावली, वर कुंकू लावलं. बोट जरा जास्त ओलं होतं, ओघळ आला. तो उपरण्याच्या टोकाने नीट टिपून घेतला, त्यात ठिपकाही जवळजवळ पुसला गेला, एक पाकळी वाहिली, ती उचलून पेटी पुन्हा बंद केली. महागाची वस्तू उघडी नको.

इरावती अंघोळ करून बाहेर आली आणि सगळीकडचे ठिपके बघत उभी राहिली. मग वाकून पाया पडली. एरवी ती पाया पडताना हसते, आज हसली नाही. म्हणाली, "आईने केली असती तशीच झाली." मला फार बरं वाटलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी शिरा केला होता. इरावतीला कारखान्यात लवकर पोचून यंत्राची तपासणी करायची होती. मी म्हटलं, पोटात दोन घास टाकल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. तिने घड्याळाकडे बघत खाल्लं. शिऱ्याची तारीफ केली नाही, हे नमूद करतो.

संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्याने आली. कारखान्याच्या धुराड्यावर त्यांचं स्वतःचं मीटर आहे. ते सांगतं धूळ मर्यादेत. हिच्या यंत्राने शेजारीच मोजली तर दुपटीहून जास्त. म्हणजे त्यांचं मीटर खोटं बोलतंय, किंवा कोणीतरी त्याला खोटं बोलायला शिकवलंय.

हिचं काम काय, ते मी शेजाऱ्यांना अनेकदा समजावून सांगितलं आहे, आता इथे लिहितो. पूर्वी कारखाना स्वतःच कागदावर लिहून द्यायचा की आमच्याकडून एवढीच धूळ गेली, एवढाच वायू गेला. ज्याची म्हैस त्यानेच दूध मोजायचं. आता यंत्रातला आकडा कोणाच्या हाताला न लागता थेट कॉम्प्युटरवर जातो, आणि एकाच वेळी कारखान्याकडे, सिमेंट घेणाऱ्याकडे, तपासणाऱ्याकडे आणि परदेशातल्या एका विद्यापीठाकडे. सगळ्यांकडे तीच नोंद. प्रत्येक नोंद मागच्या नोंदीला कडीसारखी अडकवलेली. एकाने आपल्याकडची बदलली तर बाकीच्यांशी जुळत नाही आणि चोरी उघडी पडते. याला ब्लॉकचेन म्हणतात. त्या नोंदींवरून कारखान्याला प्रमाणपत्र मिळतं, आणि मोठमोठे बिल्डर आता त्याशिवाय माल उचलत नाहीत.

आजचा आकडा साखळीत गेला. तो आता कोणीही काढू शकत नाही. प्रमाणपत्र थांबलं. मी म्हटलं, "छान झालं. सापडले एकदाचे." ती म्हणाली, "मला नाही छान वाटत."

६ ऑक्टोबर, कोजागिरी

गच्चीवर मसाला दूध होतं. इरावती आली नाही. मी तिचा पेला घेऊन खाली आलो तर फोनवर बोलत होती. पलीकडे धनेश म्हणून कारखान्यातला माणूस. धूर आणि धुळीची जबाबदारी त्याची. तो म्हणे शपथेवर सांगतोय, की गाळणीच्या पिशव्या नव्या आहेत, मीटर सीलबंद आहे. त्याच्यावरच ठपका आहे, दिवाळीच्या आत नोकरीही जाईल.

मी तिला सांगितलं, "चोर कधी मी चोर म्हणतो का? तू मऊ पडू नकोस." तिने फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "अप्पा, त्या दिवशी मला उशीर झाला होता. जागेवर जाऊन यंत्र तपासायचं असतं, ते मी केलं नाही. दोन दिवस आधी ऑफिसात तपासलं होतं, म्हणून सोडून दिलं."

"मग झालं की. दोन दिवसांत यंत्राला काय होणार?"

दुधावर साय धरली होती. तिने ती बाजूला केली आणि पेला तसाच ठेवला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज तिने यंत्र पुन्हा घरी आणलं. गॅलरीत उजेडाला बसून पेटी उघडली. मी आतून बघत होतो. काच तिरकी करून तिने खूप वेळ बघितली. मग नाक जवळ नेलं. यंत्राचा वास घेतात हे मला नवीन होतं, पण शिकलेल्या लोकांच्या पद्धती वेगळ्या.

मग आत आली आणि विचारलं, "अप्पा, दसऱ्याला पूजेत काय काय घेतलं होतं हो?" इतक्या दिवसांनी कोणी विचारलं याचा मला आनंद झाला. मी सगळं सांगितलं, विळीपासून स्कूटरपर्यंत. "आणि तुझं यंत्रसुद्धा. कोणाला विसरलो नाही," म्हटलं.

ती माझ्याजवळ सोफ्यावर येऊन बसली आणि खांद्यावर डोकं टेकलं. लहानपणी ताप आला की अशी बसायची. आईची आठवण आली असणार. मीही तिच्या केसांवरून हात फिरवत राहिलो. पोरगी वरून कितीही साहेबीण झाली तरी आतून तशीच आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मी आज फार चिडलो आहे.

इरावतीने साखळीत स्वतःच्या नावाने नोंद टाकली. "यंत्र हाताळताना माझ्याकडून निष्काळजीपणा झाला. काच स्वच्छ नव्हती, त्यामुळे धूळ जास्त दिसली. आकडा ग्राह्य धरू नये." आता चौकशी होईपर्यंत तिला कारखान्यांवर जायला मनाई. ऑफिसात बसून कागद तपासायचे.

ही मुलगी दुसरीत असल्यापासून पेन्सिलीला टोक केल्यावर कचरा कागदात गुंडाळून ठेवायची. हिच्याकडून काच मळेल? आणि मळली असेल तर कारखान्यातच मळली असणार, सिमेंटच्या धुळीत काय गुलाबपाणी उडतं? मी तिला विचारलं, "कोणासाठी करतेस हे? कायमचं लिहून दिलंस, जन्मभर पुसता येणार नाही. दुसऱ्याचं पाप आपल्या डोक्यावर घ्यायची ही खोड तुझ्या आईची."

त्यावर ती हसायला लागली. इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी हसू थांबल्यावरही थांबेना. मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी जेवलो नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दुपारी धनेश घरी आला. पन्नाशीचा, घोडपदेवचा, घराणं मूळ मालवणकडचं. कपाळावरचा घाम पुसत दारात उभा. इरावती ऑफिसात होती. मी मनात म्हटलं, आला, मुलीला खड्ड्यात घालून आता आभार मानायला आला. तरीही चहा केला. दारात आलेल्याला चहा न देण्याइतका मी अजून बिघडलो नाही.

"काका, ताईंनी सगळं स्वतःवर घेतलं, पण त्याने काय भागलं नाय," तो म्हणाला. "उलट लोक बोलायला लागले. आमच्या कंपनीने पोरीला पैसे चारले असं बोलतात. ताईंच्या ऑफिसातले पण बोलतात."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "माझ्या मुलीबद्दल असं बोलायची कोणाची छाती आहे?"

"म्हणून तर आलो. चौकशीसाठी ताईंचं यंत्र प्रयोगशाळेत गेलं होतं, त्याचा रिपोर्ट आलाय. काचेवर सिमेंट नाय मिळालं, काका. हळद मिळाली. नि लाल काय ते, कुंकवासारखं. मग काय, आमच्या साहेबांनी धोंडूला पकडलं. धोंडू आमचा फिटर. दरवर्षी खंडेनवमीला तोच सगळ्या मशीनला हळदकुंकू लावतो. साहेब बोलतात, तीन तारखेला ताईंच्या यंत्राला पण यानेच बोट लावलं असणार. उद्यापासून येऊ नको बोलले. तो रडतोय बिचारा. बोलतो, मी त्या यंत्राच्या जवळसुद्धा गेलो नाय. माझा त्याच्यावर विश्वास आहे, पण पुरावा कुठून आणू? ताईंना काय आठवत असेल तर..."

पुढचं मी ऐकलं नाही. ऐकू येत होतं, पण मी ऐकलं नाही. मला ती गोल काच दिसत होती आणि माझं ओलं बोट.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. आणि चोर समोर बसून चहा पाजतोय.

मी धनेशला म्हटलं, "धोंडूला सांगा, रडू नको. त्याने काही केलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे." त्याने कसं म्हणून विचारलं. मी सांगितलं. रागवेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "आमची आई पण असंच करते, काका. माझ्या हेल्मेटला लावते." आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

संध्याकाळी

इरावती आल्यावर तिला चप्पलसुद्धा काढू दिली नाही. "तुला माहीत होतं," म्हटलं. "मंगळवारपासून."

ती तशीच दारातल्या स्टुलावर बसली. "हो."

"मग मला का नाही सांगितलंस? मी काय काचेचा आहे?"

"दीड वर्षांनी आईचा करंडा उघडलात तुम्ही. किती खूश होतात. मी सांगितलं असतं तर परत कधी उघडला नसतात तो." चप्पल काढत म्हणाली, "आणि नियम मीच मोडला होता. जागेवर तपासलं असतं तर तिथेच दिसलं असतं. मी खोटं काहीच लिहिलं नाही, अप्पा. फक्त पूर्ण लिहिलं नाही."

मला तिचा राग यायला हवा होता. ती मला जपत होती आणि मी चार दिवस तिच्यावर फुगून बसलो होतो. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा माया जास्त वाटली. ती कशी दाखवायची ते मला येत नाही, म्हणून पोळी गरम करून दिली. धोंडूचं सांगितलं तेव्हा तिचा घास हातातच राहिला. रिपोर्ट कारखान्याने परस्पर मागवला होता, तिला त्यातलं काही माहीत नव्हतं.

"उद्या पूर्ण लिहिते," ती म्हणाली.

"उद्या नको. चौकशी परवा आहे ना? मी येतो. सगळ्यांसमोर होऊ दे."

१५ ऑक्टोबर, बुधवार

परळला तिच्या ऑफिसात गेलो. बाविसाव्या मजल्यावरून आपली मुंबई फारच शहाणी आणि शांत दिसते. मी मीनाक्षीने घेतलेला निळा शर्ट घातला होता. इस्त्री स्वतः केली.

खोलीत आम्ही चौघं. इरावती, धनेश, मी आणि राजस. राजस इरावतीच्या कंपनीचा प्रमुख, वय असेल तिच्याएवढंच, बोलायला गोड. मी काय घडलं ते उभं राहून सांगितलं. राजसने मला पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि म्हणाला, "काका, थँक यू. पण हे असं नको लिहायला. परदेशातले लोक वाचतात हे. पूजा वगैरे त्यांना काय कळणार? हसतील. आपण लिहू, काचेवर सेंद्रिय पदार्थ आढळला. विषय संपला."

"हसू देत," मी म्हटलं. "पण तो पदार्थ आला कुठून, हे नाही लिहिलंत तर तो धोंडूच्याच बोटाला चिकटणार."

धनेश खाली बघून म्हणाला, "आमचे साहेब तेच करतील, सर. पदार्थ वाचतील नि धोंडूला काढतील."

"आणि माझ्या मुलीने पैसे खाल्ले असंही म्हणतील," मी म्हटलं. "तुमच्या साखळीत लिहिलेलं पुसता येत नाही ना? मग अर्धवट लिहिलेलंही पुसता येणार नाही. पूर्ण लिहा."

राजसने इरावतीकडे बघितलं. तिने लॅपटॉप पुढे ओढला. तो विरोधात नव्हता, फक्त त्याला सवय नव्हती. त्यानेच मला दाखवलं, की तीन तारखेचा चुकीचा आकडा तिथेच राहील, फक्त त्याला ही नवी नोंद जोडली जाईल. म्हणजे उघडणाऱ्याला दोन्ही दिसतील. मी म्हटलं, आमच्या ऑफिसातही चूक गिरवून काळी करायची नाही, एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे आणि शेजारी सही. तो म्हणाला, "सेम टू सेम, काका."

इरावतीने टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. मराठीत लिहिलं होतं, खाली इंग्रजीत.

"दसऱ्याच्या सकाळी माझे वडील चिंतामणी कर्णिक यांनी आमच्या घरी या यंत्राची पूजा केली. काचेवरची हळद आणि कुंकू घरातलं आहे. कारखान्यातल्या कोणाचाही त्यात हात नाही. मोजणीआधी यंत्र जागेवर तपासण्याचा नियम मी पाळला नाही."

मी दोनदा वाचलं. बरोबर होतं. धनेशने वाचलं आणि चष्मा काढून पुसला. कारखान्यात पुन्हा मोजणी होईल, दुसरा माणूस करेल. धोंडूला उद्या परत बोलावतील, असं धनेश म्हणाला. इरावतीला ताकीद मिळेल आणि काही महिने तिच्या मोजणीवर दुसऱ्याची सही लागेल. तिने मान डोलावली. हे तिला लागलं, मला दिसलं.

ती बटण दाबणार इतक्यात मी म्हटलं, "थांब. एक वाक्य राहिलं. ही पद्धत माझी नाही."

राजस म्हणाला, "काका, तेवढं डिटेल नाही लागत."

"पूर्ण लिहायचं ठरलंय ना?"

इरावतीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसतं टाइप केलं. "ज्या वस्तूंवर घर चालतं त्यांची दसऱ्याला पूजा करण्याची ही पद्धत माझी आई मीनाक्षी कर्णिक हिची." मग बटण दाबलं. धनेशच्या फोनवर नोंद पोचल्याचा आवाज आला, पाठोपाठ राजसच्या.

मी राजसला विचारलं, "आता हे कोणीच काढू शकत नाही?"

"कोणीच नाही, काका. आम्हीसुद्धा नाही."

खाली रस्त्यावर इरावतीने माझा हात धरला, तो पलीकडे पोचल्यावरही सोडला नाही. मला तिला काही सांगायचं होतं, ते तेव्हा जमलं नाही, म्हणून इथे लिहितो. गेलं दीड वर्ष मी मीनाक्षीचं नाव एकेका ठिकाणाहून कमी करत आलो. शिधापत्रिका, बँकेचं खातं, सोसायटीचा दाखला, गॅस. प्रत्येक खिडकीत तिच्या मृत्यूचा दाखला सरकवायचा आणि पलीकडच्या माणसाने रेघ मारेपर्यंत उभं राहायचं. आज पहिल्यांदा मी तिचं नाव कुठेतरी घालून आलो.